काडी मागण्याचे दिवस

उन्हाळा लागला की लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला सिगारेट आठवते. आता ओढत नाही मी, सुटून पाच वर्षं झाली. पण चैत्र सरत आला, सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच डोळ्यांत घुसायला लागलं, पंख्याखालची गादीसुद्धा गरम लागायला लागली, की जीव उगाच चिडचिडा होतो आणि अकराच्या सुमारास पाय आपोआप जिन्याकडं वळतात. ऑफिस तेच, जिना तोच. खाली जाऊन करायचं काय, हे पायांना कोण सांगणार? मग मी पाण्याची बाटली भरते आणि परत येऊन बसते.

यंदा त्यात भर पडली. आमच्या खात्यात नवी आलेली प्रज्ञा डबा खाताना मोबाइलवर काहीतरी वाचून खुदुखुदु हसत होती. म्हणाली, "मॅडम, ऐका ना. तिकडं परदेशात बारमध्ये सिगारेट ओढायला बंदी झाली ना, तर माणसं बाहेर फुटपाथवर उभी राहून ओढायला लागली. ऑफिसांच्या बाहेर पण तसंच. आणि तिथं उभं राहून एकमेकांवर लाइन मारायला लागली. तर त्याला म्हणे त्यांनी वेगळा शब्दच काढलाय. धूर आणि लाडीगोडी, दोन शब्द चिकटवून एक केलाय."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. जरा जोरातच गेलं ते. पोरीनं मोबाइल पालथा घातला आणि ती भाकरी मोडत बसली. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मलाच दुपारभर काम सुचलं नाही. कोणत्या बिलावर कोणत्या कंटेनरचा नंबर टाकला, हे दोनदा तपासावं लागलं.

म्हणजे काय, त्या साहेब लोकांना एकच शब्द सापडला. आमच्या भिंतीमागं आख्खी डिक्शनरी होती.

आमचं ऑफिस टॉवेल एक्स्पोर्टचं. मी कागदपत्रं करते, पॅकिंग लिस्ट, बिलं, जहाजाचे कागद. तेव्हाही तेच करायची. इमारतीच्या मागं कंपाउंडची उंच भिंत, भिंतीपलीकडं बोळ, आणि बोळाच्या तोंडाला चाँदभाईची पानटपरी. टपरीच्या खांबाला दोरी बांधलेली आणि दोरीच्या टोकाला लायटर. ज्याला पेटवायची त्यानं दोरी ओढायची, पेटवायची, सोडून द्यायची. दोरी हेलकावे खात राहायची. आता विचार करा, फुकटचा लायटर चोवीस तास टांगलेला असताना एखादा माणूस तो सोडून दुसऱ्या माणसाकडं काडी मागत असेल, तर त्याला काडी नक्कीच नको असते.

हे पहिल्यांदा ओळखलं महांतेशनं. महांतेश आमचा डिस्पॅचवाला, अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चेष्टा दोन्हीत. काडी टाकणं म्हणजे भांडण लावून देणं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. काडी मागणं मात्र आमचं, महांतेशनं पाडलेलं. शेजारच्या फायनान्सच्या ऑफिसातला कुणी कुरळ्या केसांचा सेल्समन आमच्या रिसेप्शनिस्टच्या आसपास घुटमळायला लागला, की महांतेश टपरीपासून ओरडायचा, "मागितली रे, मागितली!" बास. पुढचं सगळ्यांना कळायचं.

मग एकातून एक निघत गेलं. एक संपल्यावर आत जायचं सोडून कुणी लगेच दुसरी काढली, तर त्याला 'दुसरी पेटवणं' म्हणायचे. म्हणजे पाय निघत नाही, समोरचं माणूस सोडवत नाही. समोरच्याला तुमच्यात रस नसला, की तो राख नसतानाही सिगारेटवर टिचक्या मारत राहतो, तुमच्याकडं न बघता. ते 'राख झाडणं.' "काय झालं रे काल?" "काय व्हायचंय, राख झाडली की तिनं." आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'अर्धी.' कुणी कुणाची अर्धी ओढलेली सिगारेट मागून घेतली, की महांतेश दोन्ही हात जोडायचा आणि म्हणायचा, "झालं, आता साखरपुड्याचं आमंत्रण द्या." अशा सगळ्यांना मिळून धूरसोयरे म्हणायचे. सोयरीक, पण धुराची. धूर विरला की सोयरीकही विरली.

मी तिथं कशी, हे सांगायला हवं. सिगारेट मला पुण्याच्या हॉस्टेलनं लावली. वडील वैरागला मास्तर, घरात सुपारीसुद्धा फक्त सत्यनारायणाला यायची. पुण्याची नोकरी सोडून सोलापूरला आले तेव्हा वाटलं होतं, सुटेल. सुटली नाही. आणि सोलापूर म्हटलं तरी मोठं खेडंच की हो. इकडं शिंकलं तर तिकडं बार्शीला कुणीतरी 'सत्य आहे' म्हणतं. बाईमाणूस सिगारेट ओढताना दिसलं, तर संध्याकाळच्या एसटीनं बातमी वैरागला. चाँदभाईला हे न सांगता कळलं. पहिल्याच दिवशी त्यानं सिगारेट पेपरच्या तुकड्यात गुंडाळली, सोबत दोन वेलदोडे ठेवले, आणि म्हणाला, "ताई, उधर दीवार के पीछे खड़े रहो. इधर से लोगां बहुत जाते." दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःची स्कूटर अशी आडवी लावायला सुरुवात केली, की बोळातून जाणाऱ्याला माझी फक्त चप्पल दिसावी. मला त्याचे उपकार कधी नीट बोलून दाखवता आले नाहीत.

त्या भिंतीमागं सकाळी अकराला सावली असायची वीतभर. उन्हाळ्याचं ऊन, डोक्यावर आलेलं. जेवढे उभे तेवढे सगळे भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा चिकटवून उभे, कारण एक पाऊल पुढं टाकलं की चप्पलच्या आतून चटका. पावसाळ्यात कुणी माझ्या इतक्या जवळ उभं राहिलं असतं, तर बोभाटा झाला असता. एप्रिल-मे महिन्यात कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही. चार वाजता सावली बोळभर पसरायची, तेव्हा खरं तर लांब लांब उभं राहता आलं असतं. पण तोपर्यंत सवय झालेली असायची.

श्रीनिवास त्या सावलीत आला. आमच्याकडं डिझाईनला नवा लागला होता. टॉवेलांच्या किनारीवरची फुलं, वेली, चौकटी तो कॉम्प्युटरवर काढायचा, पण आधी हातानं कागदावर. शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला, एवढंच मला माहीत. उंच, सावळा, बोलताना मान किंचित तिरकी. पहिल्या दिवशी तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काडी आहे का?"

मी म्हटलं, "टांगलीय की तिथं."

"ती चाँदभाईची आहे. मला तुमची पाहिजे."

आई गं! असं तोंडावर कुणी बोलतं का? महांतेशनं तर टाळीच वाजवली. टपरीतून चाँदभाईनं मान काढली. "क्या रे, मेरा लायटर मर गया क्या?" सगळे हसले. मी पण हसले, आणि पर्समधली काडीपेटी काढून त्याच्या हातावर ठेवली. माझे कान तापले होते आणि ते उन्हामुळं आहेत, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवसापासून दोन महिने रोज. अकराला आणि चारला. तो यायचा, काडी मागायचा, मी द्यायची. तो काडी ओढताना वाऱ्याला आडोसा म्हणून हाताची ओंजळ करायचा आणि मान खाली घालायचा. तेव्हा त्याच्या भांगात अडकलेला कापसाचा तंतू दिसायचा. फॅक्टरीच्या बाजूला जाऊन आला, की तंतू असायचाच. मला तो काढून टाकावासा वाटायचा. एकदाही काढला नाही.

काय बोलायचो आम्ही? आता सांगायला गेलं तर काहीच नाही. परदेशी गिऱ्हाईक फुलाला फूल का म्हणत नाही, चौकोनच का मागतं. साहेबांची ढेरी. कुठल्या चौकातल्या गाड्यावरच्या भज्यांत मिरच्या जास्त. तो म्हणायचा, "तुझ्या कपाळाला घाम आलाय, त्याची बरोबर किनार झालीय बघ. हे डिझाईन घेऊ का?" मी म्हणायची, "घे, पण कॉपीराइट माझा." महांतेश उसासा टाकायचा, "अक्का, आम्ही काय भिंत आहोत का?" मला तो अक्का म्हणायचा, आणि भिंत तर तो होताच. श्रोता असल्याशिवाय असली बोलणी रंगत नाहीत. आम्ही दोघं बोलायचो एकमेकांशी, पण ऐकवायचो त्या सगळ्यांना.

आणि त्याचा एक नियम होता. कुणी केला नव्हता, सगळ्यांना पाठ होता. बाहेरचं बाहेर, आतलं आत. भिंतीमागं 'तू', जिना चढला की 'मॅडम' आणि 'सर.' माझ्या टेबलावर तो नमुने घेऊन यायचा तेव्हा, "मॅडम, हे बघून घ्या," आणि मी, "ठेवा सर, बघते." आजूबाजूला बसलेल्या कुणालाही वाटू नये, की तासाभरापूर्वी या माणसानं माझ्या घामाचं डिझाईन मागितलं होतं. दुसरं म्हणजे घर काढायचं नाही. तिथं उभं राहून कुणी आपल्या आईबापाचं, बायकोचं, पोरांचं नाव घ्यायचं नाही. फोन नंबर मागायचा नाही. आणि भिंतीमागं बोललेलं कुणी मनावर घ्यायचं नाही. उद्या कुणी म्हणालं, तू काल असं म्हणालास, तर त्यालाच सगळे हसणार. यामुळं तर बोलायची भीती नव्हती. माझ्यासारख्या, आरशात बघून वेलदोडा चावत भाड्याच्या खोलीवर जाणाऱ्या बाईला असली मोकळीक दुसरीकडं कुठं मिळणार होती? वैरागला आईनं माझ्या लग्नाचा बायोडाटा छापून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, स्वभाव शांत, निर्व्यसनी.

ऑफिसची पार्टी असली की हेच हॉटेलबाहेर व्हायचं. होटगी रोडला एक गार्डन हॉटेल होतं. आत पुरुषांची परमिट रूम, बाजूला बायकांसाठी हिरव्या जाळीचा फॅमिली सेक्शन. त्या मे महिन्यात संध्याकाळी तिथं गेलो होतो. मी "फोन आलाय" म्हणून बाहेर सटकले आणि गाड्यांच्या मागं गेले. तिथं पाच-सहा जण ओढत उभेच. कुठल्या बँकेचे, कुठल्या कंपनीचे, ओळख ना पाळख. त्यातला एक इस्त्रीवाला शर्ट माझ्याजवळ सरकला. "मॅडम, काडीपेटी मिळेल का?" मी पर्समध्ये हात घालतेय, तोवर श्रीनिवास कुठून आला कोण जाणे, त्यानं स्वतःच्या खिशातून लायटर काढला आणि त्या माणसाच्या तोंडापुढं धरला. "घ्या की साहेब."

तो माणूस पेटवून निमूट लांब गेला. मी श्रीनिवासकडं बघत राहिले. "लायटर होता होय रे खिशात?"

"आजच घेतला."

"खोटारडा."

"बरं, दोन महिन्यांपूर्वी घेतला," तो म्हणाला आणि लायटर परत खिशात टाकला. जाळीपलीकडून कुणीतरी मला हाक मारली. मी आत गेले आणि गार झालेलं पनीर खात बसले. फार दिवसांनी मला सुखानं भूक लागली होती, हे खोटं कशाला बोलू.

त्या भिंतीचं आता काही उरलेलं नाही. रस्तारुंदीत टपरी गेली, चाँदभाई मुलाकडं हैदराबादला गेला. भिंत पाडून तिथं पार्किंग केलंय, सिमेंटचे ब्लॉक बसवलेत, धूम्रपान करू नये अशी पाटी लावलीय. नवी पोरं त्या पाटीखालीच उभी राहून पेनासारखं काहीतरी ओढतात, त्याला स्ट्रॉबेरीचा वास येतो. त्यांना एकमेकांकडं काही मागावंच लागत नाही. ज्याची त्याची वाफ ज्याच्या त्याच्या खिशात. मी वरून खिडकीतून बघते. ती पोरं पण हसतात, टाळ्या देतात, त्यांचेही शब्द असतीलच. मला कळत नाहीत आणि विचारायचं धाडस होत नाही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. शुक्रवार. लाइट गेली आणि जनरेटरही बसला. दोन्ही मजल्यांवरची सगळी माणसं घामाघूम होऊन खाली उतरली, ओढणारी, न ओढणारी, सगळी. त्या दिवशी भिंतीमागं वीस-पंचवीस जण असतील. रिसेप्शनिस्ट होती, फायनान्सवाले होते, महांतेश तर रंगातच आला होता. श्रीनिवास माझ्या उजवीकडं. त्यानं काडी मागितली नाही. सिगारेट हातात तशीच धरून उभा होता. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "रविवारी घरी येतीस का? आईला भेटायला."

घर काढलं होतं त्यानं.

मला ते खरं आहे, हे कळलं होतं. लगेच कळलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला नाना परीनं सांगून बघितलं, की मला ती चेष्टा वाटली, गर्दी होती, उकडत होतं. खोटं आहे ते. पहिलं काय डोळ्यांपुढं आलं असेल, तर त्याची आई. कपाळभर कुंकू, दारात उभी, मला वरून खालपर्यंत न्याहाळणारी, आणि माझ्या ओठांकडं बघून सगळं ओळखणारी. ओढते ही. असली सून? दुसरं डोळ्यांपुढं आलं आमचं घर, आईच्या हातातला तो बायोडाटा. पोरगा दुसऱ्या जातीचा, घरात दुसरी भाषा. आणि तिसरं, ते वीस-पंचवीस चेहरे, माझ्या तोंडाकडं टक लावून.

मी म्हटलं, "काय रे, काडी मागायला आता आईला पाठवणार का?"

केवढ्यांदा हसले सगळे! महांतेश तर खाली बसला हसून हसून. "अय्ययो अक्का, संपवलंस की त्याला!" फायनान्सवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. श्रीनिवासही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. फक्त चाँदभाई हसला नाही. तो सुपारी कातरत होता, त्यानं मान वर केली नाही. लाइट आली, सगळे वर गेले. जिन्यात श्रीनिवास माझ्या पुढं चार पायऱ्या होता. चार पायऱ्या म्हणजे किती? हाक मारली असती तर वळला असता. पण जिना म्हणजे आत, आणि आत मी त्याला सर म्हणत होते.

सोमवारी तो अकराला आला. लांब, सावलीच्या टोकाला उभा राहिला. खिशातून लायटर काढला आणि स्वतःची स्वतः पेटवली. मी म्हटलं, "काय रे, राग आला का?" तो म्हणाला, "छे, कशाचा? तुम्ही बोला की." पहिल्या दिवसानंतर भिंतीमागं त्यानं मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. बास, इतकंच केलं त्यानं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. महांतेशलाही त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

माझ्याकडं त्यानंतर दोन महिने होते. काय करता आलं नसतं दोन महिन्यांत? टेबलापाशी नमुने घेऊन आला तेव्हा म्हणता आलं असतं, सर, जरा थांबा. चिठ्ठी लिहिता आली असती. महांतेशकडून नंबर घेता आला असता, त्यानं जीव दिला असता माझ्यासाठी. मी काही केलं नाही. मला वाटायचं, परत विचारेल. पुरुषानं दोनदा विचारावं, असं मी कुठं वाचलं होतं की काय देव जाणे. आणि खरंच विचारलं तर काय, ही भीती होतीच की. श्रावणात त्याला तमिळनाडूत करूरला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळ्या टेबलांना भेटत भेटत माझ्या टेबलाशी आला. "येतो मॅडम." मी उठून उभी राहिले. "ठीक आहे सर. कळवत राहा." आणि ते पाठमोरं माणूस जिन्यात दिसेनासं झालं तरी मी उभीच होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बस गं, काय झालं?" मी बसले. त्याच्या नोकरीच्या दाखल्याची प्रत त्या दिवशी मलाच टाइप करायला लागली होती.

लग्न माझं जमलं नाही. मग मीच जमवून घेतलं नाही. वडील गेल्यावर आईला सोलापूरला आणलं. असंच चाललंय. कुणी विचारलं की मी म्हणते, नशीब. पण नशिबानं तर सगळ्यांच्या देखत, भर दुपारी, माझ्या शेजारी उभं राहून विचारलं होतं. त्याला दुसरी जागा कुठं होती विचारायला? आत सर-मॅडम, फोन नाही, रस्त्यावर उभं राहायची सोय नाही. जिथं बोललेलं खरं धरायचं नाही, अशी एकच जागा त्याच्याकडं होती. तिथं त्यानं खरं बोलून बघितलं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी स्वतःवर जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कुणावर चिडलेली नाही.

इथवर मी माझ्या मनाशी कसंतरी मिटवलं होतं. म्हणायची, बरंच झालं, त्याच्या घरच्यांनी तरी कुठं होकार दिला असता सिगारेट ओढणाऱ्या बाईला? पंधरा दिवसांपूर्वी ते पण राहिलं नाही.

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पट्टी काढायला तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. सकाळची वेळ, बाकावर ही गर्दी, वर पंखा नुसता आवाज करणारा. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हिरवी पट्टी तिच्याही डोळ्यावर. "अम्मा, नंबर किती तुझं?" तिनं तेलुगू हेलात मला विचारलं. मग बायका बोलतात तसं बोलणं निघालं. कुठं राहता, काय करता. मी टॉवेलच्या ऑफिसचं नाव सांगितलं.

"अगं, माजा श्रीनू हितंच हुता की! डिझाईन काढायला."

ती सांगत सुटली. करूरला असतो, दोन पोरी हायत, सून चांगली हाय, दसऱ्याला येतो. बरा हाय, पर बोलत न्हाई लई. तिचे हात मांडीवर होते. बोटांची टोकं घट्टे पडून काळी झालेली. माझी नजर गेलेली बघून म्हणाली, "बिड्या वळून झालंय ते. चाळीस वरीस वळल्या. आमचं घर बिडीवरच उभं ऱ्हायलंय." हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. घर काढायचं नाही, असा नियमच होता ना.

मग ती जरा जवळ सरकली. "तुज्या हाफिसात एक पोरगी हुती बघ. तुला ठाऊक असंल. नाव न्हाई सांगितला श्रीनूनं. सिगरेट वढती म्हणला, आदीच सांगतो अम्मा, नंतर बोलू नको. त्याचा बाप हसला की. म्हणला, वढू दे, जलमभर लोकांसाठी बिड्या वळल्या, घरात एक वढणारी आली तर काय बिघडलं? ती रविवारी येणार हुती. श्रीनूनं शनवारी रजा काढून म्होरली खोली रंगवली, एकट्यानं. आमी संध्याकाळी सहापातुर बसलो जेवायचं थांबून. मग म्हणला, अम्मा, येणार न्हाई ती, मी चेष्टा केलती. चेष्टा करणारा माणूस भिंती रंगवतो काय गं?"

शनिवारी. म्हणजे शुक्रवारी मी सगळ्यांच्या देखत त्याला हसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. शनिवारी तो ऑफिसला आला नव्हता आणि मी मनात म्हटलं होतं, रुसलाय, रुसू दे. तो खोली रंगवत होता. मी येईन असं त्याला तरीही वाटत होतं.

"कोण हुती गं ती?" म्हातारीनं विचारलं.

माझ्या दुसऱ्या बाजूला माझी आई बसली होती, एका डोळ्यानं माझ्याकडं बघत. ती म्हणाली, "शी! तुमच्या ऑफिसात सिगरेट ओढणाऱ्या पोरी होत्या?"

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "माझ्या आधीची असेल."

आतून नर्सनं आईचं नाव पुकारलं. मी आईच्या दंडाला धरून उठवलं. म्हातारीनं माझा हात धरला, त्या खरबरीत बोटांनी, आणि म्हणाली, "कुटं भेटली तर सांग तिला. म्हणावं, आमी न्हाई म्हणलो न्हवतो."

मी म्हटलं, "सांगते."